अठरा महिन्यांनी झालेलं बारसं

माझ्या नातीचा असा पक्का समज आहे की आजी एके काळी एड्सच्या कामात होती. हा समज माझ्यामुळेच झालेला. कपाट आवरताना तिला माझं शिबिराचं प्रमाणपत्र सापडलं, तिने विचारलं, आणि मी खोटं काही बोलले नाही. फक्त उरलेलं सांगितलं नाही. आता तिच्या कॉलेजात कसलासा कार्यक्रम आहे. देशात नवी लागण किती कमी झाली, आईकडून बाळाला होणारी लागण कशी थांबवता येते, औषधं कशी फुकट मिळतात, असं सगळं. "आजी, तुझे अनुभव चार ओळीत लिहून दे ना," म्हणाली. चार ओळीत ते मावणार नाहीत, आणि कॉलेजात मोठ्याने वाचण्यासारखे तर मुळीच नाहीत. पण लिहिते. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे जरा तिरकं बघितलं तरी चालेल. मी स्वतःकडे कितीतरी वर्षं तसंच बघते आहे.

तर त्या वेळची मी. वय चाळिशीच्या आसपास. बोळिंजच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये दोन पेनं, आणि अक्षर इतकं सुरेख की तालुक्याहून साहेब येणार असले की फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचा. हेडमास्तरांच्या अक्षराला मी मनातल्या मनात कोंबडीचे पाय म्हणत असे. एकूण बाई स्वतःवर खूश होती. तुम्हाला अशी एखादी माहीत असेलच. हळदीकुंकवाला अत्तर लावतानासुद्धा समोरचीला उपदेश करते.

दोन हजार सालाच्या थोडं आधी तालुक्याला तीन दिवसांचं शिबिर झालं. विषयाचं नाव ऐकताच हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले आणि बाकीच्या शिक्षिकांना एकदम पेपर तपासायचे आठवले. हात मी वर केला. समाजसेवा वगैरे काही नाही हो. तीन दिवस शाळेला सुट्टी, दुपारचं जेवण तिकडेच, आणि शेवटी स्टेजवर जाऊन प्रमाणपत्र. शिबिरात आम्हाला एक चित्रांचा तक्ता दिला, कॅलेंडरसारखी पानं उलटायचा. पहिली पानं सोज्वळ. हातात हात दिल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. डास चावल्याने होत नाही. एकच संडास वापरल्याने होत नाही. ही पानं मी खणखणीत आवाजात घ्यायची, पोरांकडून पाढ्यांसारखी म्हणून घ्यायची. मग एक पान यायचं, त्यावर पलंगावर बसलेले स्त्री-पुरुष. नुसते बसलेले, तेही अंगभर कपडे घालून! पण ते पान आलं की माझी बोटं आपोआप दोन पानं एकदम उलटायची आणि थेट सुईचं चित्र यायचं. निरोधचं पान तर माझ्या तक्त्यात कुणी पाहिलंच नाही. ते शेवटपर्यंत कोरं करकरीत राहिलं.

आगाशीच्या एका महिला मंडळात मी असाच तक्ता फिरवत होते. शेवटी म्हटलं, कुणाला काही शंका? मिठागराकडच्या गावातून आलेली एक म्हातारी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "कशान होत न्हाय ता समजला. पन मंग होता कशान?"

"दूषित सुईने," मी म्हटलं.

"हां? आमच्या गावातले तिघे गेले. ते काय शिवनकाम करीत होते?"

सगळ्या बायका खोखो हसल्या. मी तक्ता गुंडाळला आणि वेळ संपली म्हणून सांगितलं. म्हातारीला सगळं माहीत होतं. तिला फक्त बघायचं होतं, ही इस्त्रीची साडी ते तोंडाने म्हणते का. मी ते म्हटलं नाही.

आता घरचं सांगते, कारण कामाची खरी जागा तीच होती.

आगाशीची आमची केळीची वाडी होती, तिचा एक तुकडा विकून सासूबाईंनी बोळिंजला समोरासमोर दोन फ्लॅट घेतले होते. एकात सासूबाई, मी, आमचे हे आणि आमची मुलं. समोरच्यात धाकटे दीर आणि जाऊ. स्वयंपाक एकच, आमच्याकडे. दोन्ही दारं दिवसभर उघडी, मधला पॅसेज आमच्याच घरातला असल्यासारखा. दीर कुठल्याशा कंपनीत विक्रीच्या कामावर होते, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. देखणा माणूस. आला की सगळ्यांना काहीतरी आणायचा. शेवटच्या वर्षात वाळत गेला. आम्ही म्हणायचो, बाहेरचं खाणं, जागरणं. मग म्हणायचो टीबी. टीबी होताच, पण टीबीच्या मागे काय होतं ते डॉक्टरांनी फक्त आमच्या यांना सांगितलं आणि यांनी मला, बाथरूमचा नळ सोडून. "कुणाजवळ बोलायचं नाही. आईजवळही नाही."

दीर गेले तेव्हा जाऊ पाच महिन्यांची पोटुशी होती. महिन्याभरात तिचं रक्त तपासलं गेलं. तिलाही होतं.

मग सासूबाईंना सांगावंच लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "हिच्यामुळे त्याला झालं का?" यजमान वीस दिवस फिरतीवर, बायको सकाळपासून माझ्याबरोबर भाजी निवडायला, आणि तिच्यामुळे! आणि आमच्या घरातल्या प्रमाणपत्रधारक बाई त्या वेळी काय म्हणाल्या? काही नाही. दोन पानं एकदम उलटली.

त्याच आठवड्यात घरात नियम झाले. कुणी बसून केले नाहीत, आपोआप झाले, आणि बहुतेक मीच केले. तिचं ताट, पेला, वाटी वेगळी, ठेवायची त्यांच्या गॅलरीत. जेवण मी पॅसेजमध्ये नेऊन वाढायची, वरून, डावाचा स्पर्श ताटाला होऊ न देता. बेलचं बटण मी दिवसातून दोनदा डेटॉलने पुसायची. त्या काळी बोळिंजला पाण्याची ही मारामार, टँकर आला की बादल्या घेऊन जिना उतरायचा. आणि त्या पाण्यातली एक अख्खी बादली मी रोज तिने हात लावलेल्या कडीवर, कठड्यावर, फरशीवर ओतत होते. डेटॉलचा तो वास अजून कुठे आला तर मी उठून बाहेर जाते. लोकांना वाटतं मला दवाखान्याची भीती आहे. दवाखान्याची नाही, मला त्या बाईची शिसारी येते, जी पदर खोचून, नाकाला रुमाल बांधून बेल पुसत होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पोरांना विचारत होती, "हात लावल्याने होतो का?"

"नाऽऽही!"

"मोठ्याने!"

"नाऽऽऽही!"

एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाची, शाळेची फेरी निघायची होती. मी घरी फलक करत बसले होते. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मोठी अक्षरं काढली होती, 'प्रेम द्या, दूर लोटू नका'. अक्षरं काढणं माझं, पण रंग भरायला वेळ नव्हता. जाऊला सातवा संपत आला होता, दिवसभर समोर बसून असायची. मी पुठ्ठा पायाने तिच्याकडे सरकवला. हो, पायाने. दोन्ही हातात रंगाच्या बाटल्या होत्या असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. एकाच हातात होती.

ती तिच्या उंबऱ्यात फतकल मारून रंगवायला लागली, मी माझ्या उंबऱ्यात पाटावर.

"ताई, कडा लाल की काळी?"

"लाल. नीट भर, बाहेर जाऊ देऊ नकोस."

ती मान खाली घालून भरत राहिली. 'प्रेम' झालं, 'द्या' झालं. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? हे प्रेम साधारण किती हातांवरून द्यायचं?"

"टोमणे मारू नकोस. हे सगळं तुझ्यासारख्यांच्या भल्यासाठीच चाललंय."

"हो ना. म्हणून तर रंगवतेय."

फार सुंदर रंगवला. फेरीत सगळ्यांनी नावाजला. त्याआधी मी काय केलं ते सांगते. तिने दिलेले ब्रश मी चिमट्याने उचलले आणि डेटॉलच्या पाण्यात टाकले. ब्रशात रंग उरला होता, पाणी झर्रकन लालभडक झालं, आणि मी "अगं आई गं!" म्हणून दोन पावलं मागे उडाले. पोस्टर कलरला घाबरले मी. बारा रुपयांच्या बाटलीला.

पण त्या घरात खरी काळजी एकाच गोष्टीची होती, आणि ती फक्त दोघींना होती, जाऊला आणि तिच्या आईला. पोटातल्या जिवाला लागण होईल की नाही. विरारच्या ज्या खाजगी प्रसूतिगृहात तिचं नाव घातलं होतं, त्यांनी रिपोर्ट बघितल्यावर नाव काढून टाकलं. आमच्याकडे सोय नाही म्हणाले. कसली सोय, तर हातमोजे! मग मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नाव घातलं. तिथे नवीनच एक योजना चालू झाली होती. आईला एक गोळी द्यायची, कळा सुरू झाल्या की गिळायची, जन्मल्यावर बाळाला एकदा पातळ औषध पाजायचं, आणि अंगावरचं दूध द्यायचं नाही. एवढ्याने बऱ्याच बाळांची सुटका होते, असं तिथल्या नर्सबाईंनी जाऊला सांगितलं. खात्री नाही, पण बऱ्याच. जाऊने ती गोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पदराला गाठ मारून ठेवली. आंघोळीला गेली तरी गाठ हाताशी.

तिची आई शेवटच्या महिन्यात येऊन राहिली होती. भातशेती करणारी बाई, बोलायला थोडी, कामाला वाघीण. मुलीच्या ताटातलं उरलेलं खायची. माझ्यासमोर, मुद्दाम, सावकाश चावत.

एका सकाळी मी शाळेला निघताना समोरून हाक आली. कळा सुरू झाल्या होत्या. जाऊ भिंतीला धरून उभी, एका हाताने पदराची गाठ सोडवतेय. "ताई, पाणी!" मी आत पळाले, पेला भरला, दारापर्यंत आले आणि थांबले. तिचा पेला गॅलरीत होता. माझ्या हातात आमचा. स्टीलचा, नवा, भाचीच्या लग्नात आलेला. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी हे चाललं होतं, की हा दिला तर परत वापरता येणार नाही. एक बाई गोळी जिभेवर ठेवून उभी आहे, पोटातल्या लेकराचं सगळं आयुष्य त्या गोळीवर आहे, आणि मी पेल्याचा विचार करतेय.

तिची आई उठली, दोन ढांगांत आली आणि पेला माझ्या हातातून ओढून घेतला. "पानी त्यात हाय ना? मंग दे की!"

मुलगी झाली. वेळेत पोचल्या होत्या, औषध पाजलं गेलं. मी चौथ्या दिवशी बघायला गेले, खाटेपासून लांब उभी राहिले. तिथल्या नर्सबाई, पन्नाशीच्या, जाडजूड, आल्या आणि बाळाला उचलून खांद्यावर टाकून वॉर्डभर हिंडायला लागल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "बाळाची तपासणी अठरा महिन्यांनी. त्याआधी आईच्या रक्तातलं बाळाच्या तपासणीत दिसू शकतं, घाबरून जाऊ नका. तुम्ही कोण, मावशी?"

"काकू."

"मग घ्या की!" म्हणाल्या आणि बाळ पुढे केलं.

मी म्हटलं, मला सर्दी झालीय.

दोन दिवसांनी जाऊ आणि तिची आई बाळाला घेऊन घरी आल्या. बाराव्या दिवसाची वेळ आली तेव्हा जाऊच्या आईने सासूबाईंना विचारलं, बारसं कधी. सासूबाई जपमाळ ओढत होत्या, ती थांबवली नाही. म्हणाल्या, "अठरा महिने म्हणतायत ना? मग अठरा महिन्यांनी बघू. आता पाळणा सजवायचा, चार बायका बोलवायच्या, नाव ठेवायचं, आणि उद्या काही झालं म्हणजे? टिकली तर ठेवू नाव."

टिकली तर. बाळ समोर होतं. बाराच दिवसांचं, पण ऐकायला येत होतं त्याला.

मी काय म्हटलं? "आई म्हणतात ते प्रॅक्टिकल आहे."

जाऊच्या आईने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही पायाखाली घाण आली आहे. मग तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या दोघी आपल्या घरात गेल्या, दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून ते दार दिवसाही बंद असायला लागलं.

बिल्डिंगमध्ये आम्ही सांगितलं, गुरुजींनी ग्रह बघून बारसं पुढे ढकलायला सांगितलंय. कुणी विश्वास ठेवला नाही आणि सगळ्यांनी मान डोलावली. वरच्या मजल्यावरच्या एक बाई जिना उतरताना कठड्याला हात लावेनाशा झाल्या. पाय घसरून पडल्या तरी लावला नाही. डब्याचं दूध उकळून थंड केलेल्या पाण्यात कालवताना पाहून खालच्या एक बाई म्हणाल्या, "अंगावरचं पाजत नाही, कसली आई ही!" आम्हाला कारण माहीत होतं. तरी सासूबाई म्हणाल्या, "हल्लीच्या मुली."

दीड वर्ष त्या पोरीला आमच्या घरात नाव नव्हतं. आम्ही म्हणायचो 'ती'. 'तिला खोकला आहे का?' 'ती रांगायला लागली.' एकदा त्यांचं दार उघडं राहिलं तेव्हा रांगत रांगत पॅसेज ओलांडून आमच्या उंबऱ्यापर्यंत आली, दोन्ही तळवे उंबऱ्यावर टेकवून माझ्याकडे बघून हसली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मी फडकं घेतलं आणि आधी उंबरा पुसला. आधी उंबरा. मग तिला त्याच फडक्याने हळूच मागे ढकललं, मांजराला ढकलतात तसं. पोरगी पुन्हा हसली. तिला तो खेळ वाटला.

हे लिहिताना पेन खाली ठेवून उठून हात धुऊन आले. काय धुतलं कोण जाणे.

तिला जरा ताप आला की जाऊ रात्रंदिवस तिच्या कपाळावर हात ठेवून, आणि आम्ही इकडे एकमेकांच्या तोंडाकडे बघत, बघ, म्हटलं नव्हतं? कुठेतरी आमची तयारी झालेली होती. ती झालेली असणं हेच मला आज सगळ्यांत घाणेरडं वाटतं. मूल खेळतंय, दात येतायत, भिंतीला धरून उभं राहतंय, आणि घरातली मोठी माणसं त्याच्या जाण्याची मनाने तयारी करून बसलीयत, कारण तसं बसलं की नंतर त्रास कमी होतो.

अठरा महिने झाले. रिपोर्ट मिळायचा त्या दिवशी जाऊ मुलीला घेऊन एकटीच मुंबईला गेली. यांनी अर्धी रजा टाकली होती, पण तिच्याबरोबर गेले नाहीत. घरी बसून वाट बघण्यासाठी टाकली होती. नणंद पालघरहून आली होती. दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यात चपला वाजल्या. जाऊ वर आली, मुलीला खाली उतरवलं, तिचे बूट काढले, फाइल खांद्याच्या पिशवीतून काढून हातात घेतली. आम्ही चौघं दारात.

"काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," जाऊ म्हणाली. "तिला नाही. स्वच्छ आहे."

एका क्षणात दार मोकळं झालं. सासूबाई रडत "माझी बाय गं ती!" म्हणत पॅसेज ओलांडून गेल्या. नणंद धावली, मी धावले, यांनीसुद्धा हात पुढे केले. आठ हात एकदम अंगावर आलेले बघून पोरगी किंकाळी फोडून आईच्या साडीत शिरली. तिने आयुष्यात आमच्यापैकी कुणाचा हात पाहिला नव्हता, फडकं पाहिलं होतं.

"अगं, दे ना तिला इकडे!" नणंद म्हणाली.

जाऊने पोरीला उचललं. "कालपण हीच होती," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्या वेळी तिला कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि तुझं कसं आहे? तुझी तब्येत? आम्ही पेढे आणायला कोण जातंय यावर बोलत होतो. तिच्यासाठी फुकट औषधं पुढे थोड्याच काळात सरकारी दवाखान्यात मिळायला लागली, तिने ती एक दिवस न चुकवता घेतली, आणि आज ती माझ्यापेक्षा तुरुतुरु चालते. यात आमचा हात नाही. देश पुढे गेला, तिला घेऊन गेला. आमचा जिना तिथेच होता.

सासूबाईंनी रविवार ठरवला. बारसं आता धूमधडाक्यात होणार होतं. पाळणा कुणाकडून तरी आणला, आगाशीच्या बाजारातून फुलं आणली, झिरमिळ्या लावल्या. गुरुजींकडून अक्षर काढून आणलं, त्यावरून नणंदेने नाव निवडलं. निवडताना आम्ही चौघींनी वाद घातला, मी, नणंद, सासूबाई आणि वरच्या मजल्यावरच्या त्या कठड्याच्या बाई. नाव मीच माझ्या सुरेख अक्षरात मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावलं, वर कागद चिकटवून, म्हणजे वेळ येईल तेव्हा काढायला. जाऊला कुणी विचारलं नाही. तिचा नवरा नव्हता, त्यामुळे तिने पाळण्याला हात लावायचा नव्हता. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, कपाळ मोकळं, हातात घुगऱ्यांची परात. बारशासाठी गावाहून आलेली तिची आई आत शेगडीपाशी.

बायका जमल्या. दीड वर्ष ज्यांनी त्या दाराकडे बघितलं नव्हतं त्या सगळ्या. "काय गुटगुटीत आहे गं!" "नजर काढा हो!" आधी नारळ कापडात गुंडाळून पाळण्यावरून एकीने दिला, खालून दुसरीने घेतला. मग मुलीला ठेवायची वेळ आली. पण अठरा महिन्यांची पोर पाळण्यात निजते होय? ती उभी राहिली, दोन्ही हातांनी दोऱ्या धरून, आणि सगळ्यांकडे टकमक बघायला लागली. हसू आलं सगळ्यांना. नणंद वाकली, तिच्या कानात ते नाव सांगितलं. पोरीने कान चोळला. रिवाजाप्रमाणे नणंदेच्या पाठीत धपाटे बसले. मी भिंतीवरचा कागद ओढला आणि सगळ्यांनी नाव मोठ्याने वाचलं.

"हाक मार बघू!" कुणीतरी म्हणालं.

सासूबाईंनी त्या नावाने हाक मारली. पोर झिरमिळ्या ओढत राहिली. पुन्हा मारली, लाडाने, लांबवून. काही नाही. नणंदेने मारली. मी मारली, वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात. काही नाही.

"बहिरी तर नाही ना?" कठड्याच्या बाई पुटपुटल्या.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून जाऊने हाक मारली. वेगळ्याच नावाने. हळू आवाजात, रोज मारतात तशी. पोर गर्रकन वळली, एक पाय पाळण्याच्या कडेवर टाकला, नणंदेचा अंबाडा धरून खाली उतरली आणि बायकांच्या मांड्या तुडवत सरळ आईकडे पळाली.



"हे कुठलं नाव?" सासूबाईंनी विचारलं. "कधी ठेवलंस?"

"झाली त्याच दिवशी. नर्सबाईंनी कागदावर काय लिहू विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कानात पण सांगितलं तिच्या, पाठीत धपाटा मी मारला त्यांच्या." जाऊ परात खाली ठेवत म्हणाली. "सगळ्या कागदांवर तेच आहे. फाइल दीड वर्ष शोकेसवरच होती, दिसेल अशी. कुणी हात लावला नाही."

"अगं पण आम्हाला सांगायचं तरी!"

"तुम्ही रिपोर्टसाठी थांबला होतात. तिला रोज हाक मारायला लागायची."

सासूबाईंनी पेढ्यांचं ताट उचललं आणि ते वाटायला सुरुवात केली, जणू काही झालंच नाही. बायकांनी खाल्ले. मीही खाल्ला. ताजा होता, पण चव डेटॉलची लागली.

सगळ्या गेल्यावर मी भिंतीवरचा पुठ्ठा काढला, त्याचे चार तुकडे केले आणि समोरच्या घरात गेले. आत जायची माझी सवय सुटली होती, चप्पल कुठे काढायची तेही आठवेना. जाऊ पलंगावर मुलीचे कपडे घडी करत होती. तिची आई मला बघून उठली आणि मोरीत जाऊन भांडी आपटायला लागली. मुलगी जमिनीवर बसून चमच्याने डबा वाजवत होती.

"मला शिकव तिचं नाव," मी म्हटलं.

"शिकायचं काय त्यात? हाक मारा."

मी मारली. पहिल्यांदा. वर्गातल्या आवाजात नाही, जमेल तशी.

पोरीने वाजवणं थांबवलं आणि मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, मग माझ्या हातांकडे. हातात काही नव्हतं. तरी ती उठली, चमचा घेतला, आणि जाऊन आईच्या पाठीमागे बसली.

मी पुन्हा तोंड उघडलं.

"दोनदा नका मारू, ताई," जाऊ घडी न सोडता म्हणाली. "ऐकलंय तिनं."